लायटरला उत्तर देणारा बेडूक

आमची मुलुंडची इमारत डोंगराला इतकी टेकलेली आहे, की डोंगर जरा सरकला तर आमच्या स्वयंपाकघरात चहा पिऊनच पुढे जाईल. ही थाप. बेडकाची गोष्ट मात्र खरी आहे, आणि नेमकी तीच मला ताठ मानेनं सांगता येत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कारवीची झुडपं आहेत. पावसाळ्यात संध्याकाळ झाली की तिथून टिक-टिक-टिक सुरू व्हायचं. अंगठ्याच्या पेराएवढा झाडबेडूक, रंग वाळक्या पानाचा. हा गडी डबक्यात जात नाही, डोंगरउतारावरच्या दमट झुडपांतच जन्म काढतो. अंडीसुद्धा पानावर, आणि त्यांतून शेपटीबिपटी काही नाही, थेट तयार बेडूक निघतो. एकदा मी गॅस पेटवायला लायटर दाबला, तर बाहेरून उत्तर आलं! पुन्हा दाबला, पुन्हा उत्तर.

मग काय, मी सुटलो. बिल्डिंगभर सांगितलं, माझ्याकडे बेडूक शिकवणीला येतो. आठवडाभरात तो पाढे म्हणायला लागला. गोष्ट कांदिवलीला मेहुण्याच्या घरी पोचेपर्यंत तो आरतीला ताल धरत होता. रोज संध्याकाळी मी तालीम घ्यायचो आणि तो, दुसरा नर आलाय असं समजून, गळा फुगवून माझ्याशी भांडायचा.

"अहो, बंद करा ते," एका संध्याकाळी बायको म्हणाली. "इकडे बघा."

खिडकीच्या गजावर दुसरा बेडूक बसला होता. जरा मोठा, पोट टम्म.

"मादी आहे. अंडी आहेत पोटात." खिडकीशी भाजी निवडता निवडता तिनं सगळं पाहिलं होतं. "तो बिचारा तिकडे घसा फोडतोय आणि ही तुमच्या लायटरला वरायला आलीय. पाऊस सरत आला, यांचा हंगाम संपेल, कळतंय का?"

मी माझ्या हातातल्या नवरदेवाकडे बघितलं. आजवर हजार थापा मारल्या, पण ऐकणाऱ्याच्या संसारात कधी बिब्बा घातला नव्हता. बायकोनं तिला अलगद पानावर घेऊन कारवीत सोडलं. मी लायटर डब्यांमागे टाकला आणि काडेपेटी काढली.

रविवारी संध्याकाळी मेहुणा पोराबाळांसकट हजर. मागोमाग तिसऱ्या मजल्यावरचे मालवणी काका.

"खंय आसा रे तुझो विद्यार्थी?"

"भावोजी, वाजवा ना लायटर! पोरांना प्रॉमिस केलंय यार."

माझा हात डब्यांपर्यंत गेला. फक्त एकदा टिक. आयुष्यातली एकुलती एक खरी गोष्ट, आणि साक्षीदार चालत घरी आलेले! बायको माझ्या हाताकडे बघत राहिली.

"थाप होती," मी म्हणालो.

"माका म्हायत होता!" काकांनी टाळी वाजवली. "ह्येच्या गोष्टीतलो बिबटोसुद्धा शेवटी मांजर निघता."

पोरं खो-खो हसली. माझे कान तापले. तेवढ्यात खिडकीबाहेर टिक-टिक-टिक सुरू झालं.

"कुणाचा तरी गॅस पेटत नाहीये वाटतं," मेहुणा म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि काडी ओढून चहाचं आधण ठेवलं.