देवस्थळीकाकांचा नेम

गणपती बोळवून आठवडा झाला असेल. गुरुग्रामच्या ऑफिसात दुपारची मीटिंग चालू होती. फोन उलटा ठेवला होता, तो टेबलावर थरथरत कडेपर्यंत सरकला तेव्हा मी उचलला. काकांच्या शेजारच्या भाटिया आंटी होत्या. "बेटा, देवस्थळी जी चले गए," एवढं म्हणाल्या आणि मग रडत रडत सांगत राहिल्या. दुपारचा डबा त्यांच्याकडून जायचा. रिकामा डबा आणायला गेल्या, तर काका खुर्चीत मान टाकून बसलेले. "खाना पूरा खाया था बेटा. हाथ भी धो लिए थे." मी जिन्यात येऊन उभी राहिले. रडू नंतर आलं, बाकीचंही सगळं नंतर आलं... पहिला विचार मनात आला तो असा, की जेवण झालं होतं, हात धुतले होते, म्हणजे काकांचा नेम मोडला नाही. तो नेम काय होता आणि जन्मभर देव न मानणारा माणूस तो का पाळत होता, हे मला आज नीट सांगायचं आहे. तसा शब्द मी काकांना दिला होता.

आडनावात देव आहे तेवढा पुरे, असं ते म्हणायचे. काका शाळेत फिजिक्स शिकवायचे आणि दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या टेकडीच्या उतारावर, दोन खोल्यांच्या जुन्या घरात राहायचे. "ग्वाल्हेरहून एक मराठा इथे येऊन राहिला तर अख्ख्या भागाला त्याचं नाव पडलं. मी इतकी वर्षं राहतोय, माझं नाव बसस्टॉपलासुद्धा कुणी देत नाही," ही त्यांची कायमची तक्रार. माझे वडील फौजेत, मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही राहायचो कॅन्टोन्मेंटमध्ये. दोघांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. मांडवाची सगळी वायरिंग काकांकडे असायची, आणि आरती सुरू झाली की ते मागे जाऊन फ्यूजच्या पेटीपाशी उभे राहायचे. वडिलांनी एकदा बिचकत विचारलं, "सर, तुम्ही देव मानत नाही म्हणतात, मग हे कसं?" तर म्हणाले, "सुभेदारसाहेब, वायरिंगला श्रद्धा लागत नाही, अर्थिंग लागतं." वडील जाम खूश झाले. मी त्या वर्षी फिजिक्समध्ये गटांगळ्या खात होते. दर रविवारी मला बसमध्ये बसवून काकांकडे पाठवायचं, हे तिथल्या तिथे, मांडवातच ठरलं.

पहिल्या रविवारी शिकवणी संपल्यावर शशीकाकूंनी, म्हणजे काकांच्या पत्नीने, मला जेवायला बसवलं. मघाशी दारात "ये गं बाळा" म्हणणाऱ्या काकू पानावर बसल्या आणि एकदम गप्पच झाल्या. वाढत होत्या, मान हलवत होत्या, आमटीकडे बोट दाखवत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. मी घाबरले. माझं काहीतरी चुकलं असणार. काका म्हणाले, "अगं, तिचा नेम आहे." मी दिल्लीत वाढलेली; घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मला वाटलं, काकूंचं नाव विचारतायत. मी म्हटलं, "नेम? ...शशीकाकू ना?" काकांना जोराचा ठसका लागला. काकूंचे खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पदर तोंडावर घट्ट दाबलेला, पण आवाज म्हणून बाहेर आला नाही. शांतपणे ताट संपवून त्या उठल्या, चूळ भरली, हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हं, आता बोला!" आणि मग पोट धरधरून हसल्या. चातुर्मासात त्या मौन जेवायच्या, पानावरून उठेपर्यंत बोलायचं नाही. कार्तिकात नेम पुरा झाला की एक लहानशी पितळी घंटा देवळात नाहीतर कुणाला तरी द्यायची, अशी त्याची सांगता. "चार महिने गिळलेलं सगळं त्या घंटेत भरते आणि दुसऱ्याच्या घरी पाठवते," असं काका चिडवायचे. पुढे त्यातली एक घंटा माझ्याही घरी आली.

त्या घरात वाद एकच, आणि तो बारमाही. जगाला नियम आहेत, मग ते घालून देणारा कुणी असायलाच हवा की नाही? काकूंचं म्हणणं, हवाच. काकांना मुळात 'नियम पाळणे' हा शब्दच खपायचा नाही. मी एकदा म्हणून गेले, "दगड गुरुत्वाकर्षणाचा नियम पाळतो," तर उसळलेच. "पाळतो? दगड काय चलानला घाबरतो? लाल दिव्याला थांबायचं हा कायदा. तो कुणीतरी केला, म्हणून मोडता येतो, आणि दिल्लीत तर मोडतातच. दगडाला आज पडायचं नाही असं ठरवता येतं का? तो पडतो. कसा पडतो ते आपण लिहून काढलं आणि त्याला नियम म्हटलं. शब्द कोर्टातला उचलला आणि आता जज शोधत फिरतोय." शिकवताना असे बोलत असले की त्यांचा चेहरा उजळायचा. फिजिक्स मला त्या चेहऱ्यामुळे आवडायला लागलं, पुस्तकामुळे नव्हे.

पण काका लबाडही होते. आपले हुकमी मुद्दे ते चातुर्मासातल्या जेवणासाठी राखून ठेवायचे, कारण तेव्हा काकूंना उत्तर देता यायचं नाही. "देवाने नियम केले म्हणतेस. मग देव कुठल्या नियमाने वागतो? आणि तो कुणी केला?" असा बाण सोडून पठ्ठ्या मजेत दुसरी पोळी वाढून घ्यायचा. काकू शांतपणे घास चावत राहायच्या. मग उठणार, चूळ भरणार, हात पुसणार... "हं, आता बोला." त्यानंतर काकांची धडगत नसायची.

असंच एका रविवारी काकू म्हणाल्या, "दगड कसा पडतो ते तुम्ही लिहून काढलंत, बरं. पण काल जसा पडला तसाच आज का पडतो? मी मीठ घालायला विसरते, तुम्ही किल्ली विसरता. दूध तापलं की उतू जायचं, हे ते एक दिवससुद्धा विसरत नाही. कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय?" काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "माहीत नाही." कुठलाही आडपडदा न ठेवता. "का, ते मला माहीत नाही. पण माहीत नाही म्हणून तिथे कुणाला आणून बसवायचं, हे मला जमणार नाही. ती जागा मी रिकामी ठेवीन." वर्गात इतक्या शिक्षकांकडे शिकले, पण 'माहीत नाही' हे शब्द इतक्या ताठ मानेने उच्चारणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काकूंनी ताटं गोळा करता करता विचारलं, "मला जेवताना बोलू नको असं कुणी सांगितलंय? बोलले तर शिक्षा आहे? तरी नाहीच ना बोलत? तुमच्या निसर्गानेही तसाच नेम धरला असेल." काकांनी झडपच घातली. "झालं की मग! कायदा नव्हे, नेम! वरून लादणारा कुणी नाही. आता तूच कबूल केलंस." काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "केलं कबूल. पण नेम कुणासाठी तरी धरतात." त्यानंतर कितीतरी वर्षं, मध्येच, विषय नसताना ते स्वतःशी म्हणायचे, "कुणासाठी तरी... हं." न सुटलेलं गणित पुन्हा पुन्हा उघडून बघावं तसे.

काही वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. हॉस्पिटलमध्ये मी डबा घेऊन जायची. श्रावण होता, पण आजाऱ्याला नेम नसतो; चार चमचे मऊ भात खाताना काकू हळूहळू बोलायच्या. एके दिवशी काका पलंगाजवळच्या स्टुलावर डबा खात होते आणि काकूंनी सरळ विचारलं, "अहो, मी गेले की मी कुठेच नसणार... असंच ना तुमचं म्हणणं?" काका कुणाचं मन राखायला खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि जे खरं वाटतं ते या बाईला, या पलंगावर, कसं सांगणार? त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि डब्याकडे खूण केली. जेवतोय, नेम आहे. त्या अवस्थेतही काकू हसल्या. "लबाड! बरं, जेवण झालं की सांगा." आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. काकांच्या डब्यात शेवटचा एक घास उरला होता. तो त्यांनी खाल्ला नाही. डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले, कारण घास होता तोवर जेवण झालेलं नव्हतं. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. दोन-तीन दिवसांत त्या गेल्या.

पुढच्या चातुर्मासात दुपारी मी फोन केला तर काकांनी उचलला नाही. थोड्या वेळाने त्यांचाच आला. "जेवत होतो. नेम आहे." मी चाट पडले. मंडळात ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? "शेवटी आले लायनीवर," असं लोक उघड म्हणायला लागले. एका गणपतीत कुणीतरी "आता कशाला लाजता" म्हणत त्यांच्या हातात आरतीचं तबकच दिलं. काका दुसऱ्या दिवशी मेट्रोने तडक माझ्याकडे आले, रागाने लाल झालेले. "वर्षा, मी गेल्यावर कुणाला म्हणू देऊ नकोस, की म्हातारा घाबरला आणि देवाला शरण गेला. तू रोज देवापुढे दिवा लावतेस, म्हणून तुलाच सांगतोय. तुझं ऐकतील." मी शब्द दिला. मग धीर करून विचारलं, "पण काका, मग हा नेम कशाला? आणि घरात तुम्ही एकटे. एकटा माणूस गप्प जेवला, यात नेम तो कसला?"

"एकटा माणूस किती बोलतो, याची तुला कल्पना नाही," काका म्हणाले. "दिवसभर मी तिच्याशी वाद घालतो. मोठ्याने. भाटियाबाईंना वाटतं मी फोनवर असतो." मग म्हणाले, "ती पानावर गप्प असायची, नेमका तेव्हाच मी तिला कोंडीत पकडायचो. आता जेवताना मी गप्प बसतो. तेवढा वेळ तिची पाळी... कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं होतं तेच आहे, त्यात तसूभर फरक नाही. पण पाळी तिची." मला काकूंचं 'नेम कुणासाठी तरी धरतात' हे जुनं वाक्य आठवलं, आणि काकांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. "ती जिंकली असं मात्र सांगू नकोस," ते म्हणाले. "बरोबरीत सुटलं म्हण." मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी चहा टाकायला उठले.

मंडळाच्या शोकसभेत व्हायचं तेच झालं. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले की आयुष्यभर नास्तिक म्हणवणारे देवस्थळी अखेरीस ईश्वरचरणी लीन झाले, चातुर्मासाचे नेम करू लागले. मी उठले. म्हटलं, "काकांना देव शेवटपर्यंत पटला नाही. नेम देवासाठी नव्हता, काकूंसाठी होता. मी देव मानते, तरी सांगते, त्यांच्या रिकाम्या ठेवलेल्या जागेत आपण कुणाला घुसवू नये." काही लोकांना ते आवडलं नाही, हे दिसतच होतं. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या भाटिया आंटी मात्र मागून ठासून म्हणाल्या, "बिल्कुल."

काकांचा नेम अर्धाच राहिला होता. उरलेला मी धरला. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये गप्प जेवताना बघून टीममधली मुलं विचारायची, "यार मॅम, मूड ऑफ है क्या?" एकीला वाटलं मी माइंडफुलनेसचा कोर्स लावलाय, तिने लिंक मागितली. मी हसायची. हसणं चालतं, बोलणं चालत नाही, हे मला पहिल्याच रविवारपासून माहीत होतं.

परवा कार्तिकी द्वादशीला काकांच्या घरी गेले. घर लवकरच रिकामं करायचं आहे. धुरक्यामुळे खिडक्या बंद होत्या. स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली या वर्षीची घंटा काकांनी आधीच आणून ठेवलेली होती. काकूंनंतर त्यांनी घंटा कधी देवळात दिली नाही, दर वर्षी एखाद्या माणसाला द्यायचे. पहिली भाटिया आंटींना मिळाली. ही कुणाला द्यायची होती, ते आता कळायचा मार्ग नाही. मी डबा उघडला आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून जेवले. काकूंच्या त्या प्रश्नाला काकांनी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करत होते. कुठेच नसणार ना? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता तेही कुठेच नाहीत. आणि तरी इतके दिवस मी त्यांच्यासाठीच गप्प जेवले होते.

शेवटचा घास खाल्ला. मोरीत जाऊन चूळ भरली, हात पुसले. घंटा कागदातून काढून एकदाच वाजवली आणि तिचा आवाज त्या दोन खोल्यांत पार विरेपर्यंत थांबले. मग खुर्चीकडे बघून म्हटलं, "हं काका, आता बोला."