मशीनवाला येऊन गेला

माझ्या आईच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. हृदयाचे ठोके भलतेच धावायला लागले की ते आतून झटका देतं आणि त्यांना ताळ्यावर आणतं. तीन वर्षांपूर्वी आई दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकता विकता पाटीवरच कोसळली होती, तेव्हा डॉक्टरांनी ते बसवलं. आई त्याला सासू म्हणते. दिसत नाही, बोलत नाही, पण आत बसून लक्ष ठेवते.

या सासूनं आजवर एकदाच हात उचलला. मागच्या वर्षी आई एका बाईशी पापलेटच्या जोडीवरून घासाघीस करत होती आणि मध्येच झटका बसला. आई मागच्या मागं बसली, गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. घरी कोणी पाहुणा आला की आई हा किस्सा साभिनय सांगायची. आम्ही पोट धरधरून हसायचो. मी सगळ्यात जास्त.

यंदा तिचं रक्त कमी निघालं. आतड्यात दुर्बीण घालून बघायचं आणि गाठ दिसली तर तिथंच काढून टाकायची, असं ठरलं. मी कोपरखैरण्याला शाळेत शिकवते. यादी केल्याशिवाय मला साधी भाजीही आणता येत नाही. इथं तर आईच्या जिवाचा प्रश्न. मी डॉक्टरीणबाईंसमोर वही उघडून बसले. छातीत यंत्र असताना हे चालतं का? चालतं तर कसं? बिघडलं तर काय? सातव्या प्रश्नाला त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः डॉक्टर आहात का?" म्हटलं, नाही, शिक्षिका. "तरीच," त्या म्हणाल्या.

पण बाईंनी नीट समजावलं. गाठ कापायच्या तारेतून वीज जाते. यंत्राला ती वीज म्हणजे बेताल झालेलं हृदय वाटू शकतं आणि ते कारण नसताना झटका देऊ शकतं. म्हणून तेवढ्यापुरतं झटक्याचं काम बंद ठेवायचं. विजेची पट्टी छातीपासून लांब, मांडीला लावायची. बाहेरून झटका द्यायचं मोठं मशीन शेजारी तयार ठेवायचं, नजर ठोक्यांच्या पडद्यावर. काम झालं की यंत्र परत चालू करायचं आणि मगच घरी सोडायचं. ‘मगच’च्या खाली मी दोन रेघा मारल्या.

आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून दिलं. ते दोन लिटर पाणी संपवेपर्यंत आईनं माझ्या बापाकडची सात पिढ्यांची माणसं काढली. "खाडीचं पानी यापेक्षा ग्वाड हाय," ती म्हणाली. रात्रभर तिची आणि संडासाच्या दाराची गाठ सुटली नाही.

सकाळी वाशीच्या हॉस्पिटलात यंत्राचा माणूस आला. टक्कल पडलेला, शांत, हातात छोटी पेटी. त्यानं आईच्या छातीवर एक चकती धरली, पेटीच्या पडद्यावर दोनचार बटणं दाबली आणि झटक्याचं काम बंद केलं. "मावशी, दुपारी येऊन परत चालू करतो," असं सांगून तो दुसऱ्या हॉस्पिटलात गेला. तपासणी झाली. गाठ निघाली, छोटीशी. तपासायला पाठवली, पण बाईंचा चेहरा निर्धास्त होता. अर्ध्या तासात आई गुंगीतून उठून चहा मागायला लागली.

दुपारी मी खाली मेडिक्लेमच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. परत आले तर आई लुगडं नेसून, अंबाडा घालून, पलंगावर पाय सोडून तयार. नर्सची पाळी बदललेली. नवीन नर्सनं माझ्यासमोरच तिला विचारलं, "आजी, मशीनवाले येऊन गेले ना?"

"गेला की येऊन," आई म्हणाली.

मला वाटलं, मी खाली होते तेव्हा आला असेल. नर्सनं कागदावर खूण केली आणि आम्ही निघालो. दोन रेघांची वही माझ्या पर्समध्ये होती. ती काढून बघायचंही मला सुचलं नाही.

पामबीच रस्त्यानं करावे गाव मागं टाकलं तेव्हा फोन वाजला. गाडी मीच चालवत होते, म्हणून स्पीकरवर घेतला. "मॅडम, मी वॉर्डात उभा आहे. मावशींचा बेड रिकामा दिसतोय."

"तुम्ही येऊन गेलात ना पण?"

"सकाळी आलो होतो की. बंद करायला."

मी आईकडं पाहिलं. ती खिडकीतून खाडी बघत होती. जन्म जिच्या काठावर काढला ती खाडी, पहिल्यांदा बघितल्यासारखी.

इथं आईच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. चाळीस वर्षांत ती गिऱ्हाइकाशी एकदाही खोटं बोललेली नाही, हे ती देवळात उभी राहून सांगेल. "मावशी, ताजी हाय का?" असं कोणी विचारलं की ती म्हणते, "आजच आनली." आणलेली आजचीच असते. धरली कधी, हे कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. त्या दुपारी तिनं नर्सला मासळी विकली, आणि पोटची पोर असून मीही घेतली.

पुढच्या सिग्नलला गाडी वळवली आणि मी सुटले. अक्कल आहे का, जिवावर उदार झालीस का, आत्ता काही झालं असतं तर मी रस्त्यात काय करणार होते? वर्गात चाळीस पोरांवर ओरडायचा घसा आहे माझा, सगळा तिच्यावर काढला. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

वाशीजवळ आल्यावर म्हणाली, "सकालपासून बरं वाटलं गो बाय."

"काय बरं वाटलं?"

"आत कोन दबा धरून बसलंय असं नाय वाटलं. पाटी उचलते तवा वाटतं, आता मारंल. आंगोलीला बसते तवा वाटतं. कोनाशी जोरात भांडायची पन चोरी झालेय."

"मग तो किस्सा? एवढी हसवतेस सगळ्यांना."

"तुमी हसता म्हनून सांगते. तेवडीच भीती कमी होते."

"मला सांगायचं नाही का, आये?"

"तुला सांगून? तू यादी केली असतीस."

तीन वर्षं मी तिच्या गोळ्या, तारखा, रिपोर्ट सगळं लिहून ठेवलं. तुला भीती वाटते का, एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

यंत्राचा माणूस लिफ्टपाशीच उभा होता. आईला पुन्हा पलंगावर निजवलं, चकती छातीवर ठेवली. त्यानं विचारलं, "मावशी, करू चालू?"

आई छताकडं बघत म्हणाली, "सासू बंदच राहू दिली तर?"

त्यानं पेटीवरचा हात काढला. म्हणाला, एक झटका बसला की पुष्कळांना अशी भीती बसते, डॉक्टरांना सांगा, त्यावर करता येण्यासारखं असतं. पण बंद ठेवायचं की नाही हे मी ठरवू शकत नाही. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझी वही, माझे प्रश्न, माझा आवाज, काहीच कामाला येईना. मी आईचा हात धरला.

"आये, मला पन भीती वाटते. तू पडशील नि मी शाळेत असेन. मला तू पायजेस, बस."

शाळेत शुद्ध बोलायच्या नादात मी तिच्याशी असं बोलणं कधी सोडलं होतं, आठवत नाही. आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "कर रं बाबा चालू. हिला अजून बोंबील धड कापता येत नाय."

त्यानं बटण दाबलं. आईनं डोळे गच्च मिटले होते, आणि माझा हात इतका आवळला होता की माझी बांगडी मनगटात रुतली.