गुरुजींची दाढ

सिरिंज भरून झाली होती. परभणीतल्या माझ्या दवाखान्यातल्या एकुलत्या एका खुर्चीत गुरुजी बसले होते, आणि मी मोठी चूक करायला निघालो होतो. तीही अतिशय आनंदानं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी दातांचा डॉक्टर होऊन परतलो आणि कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर खोली घेतली. ताडकळसच्या आमच्या वस्तीतले पहिले मास्तर म्हणजे हे गुरुजी. मला पाटीवर अक्षर काढायला त्यांनीच शिकवलं. दवाखाना उघडला त्या दिवसापासून मी त्यांची वाट पाहत होतो. जिना वाजला की वाटायचं, गुरुजीच असतील. तीन वर्षं ते आले नाहीत. सणाला गावी गेलो की म्हणायचे, "दात चांगले हायत माझे. उगं कशाला येऊ?"

आणि त्या दिवशी सकाळी ते आले. दारात उभे राहून धापा टाकत होते. डाव्या गालावर हात होता.

"जयभीम, गुरुजी. बसा."

"जयभीम. ही डावी दाढ काढून टाक, उत्तम. लय दुखायली."

मी पाहिलं. खालची शेवटची दाढ थोडी किडलेली होती. गुन्हेगार सापडला, असं मला वाटलं. खरं तर दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. दाढ दुखणारा माणूस दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. गुरुजींनी सगळा पंजा ठेवला होता, कानापासून हनुवटीपर्यंत. दुसरं म्हणजे, आरशाच्या दांड्यानं मी दाढेवर टकटक केलं. मुळाशी पू झालेली दाढ असती तर ते कळवळले असते. ते शांत बसले.

तरी मी काही विचारलं नाही. आमच्या वर्गात प्रश्न गुरुजी विचारायचे, आम्ही उत्तर द्यायचो. उलट त्यांनाच प्रश्न विचारायचा, ही सवय माझ्या अंगात नव्हती. डिग्री भिंतीवर टांगली होती, पण त्यांच्यापुढं मी अजून चौथीतच होतो. त्यांनी दाढ काढ म्हटलं, मी सिरिंज भरली.

"आता थांबलंय बघ," गुरुजी म्हणाले. "बसलं की थांबतंय. तरी तू काढच. उद्या शाळा हाय."

माझा हात तिथंच थांबला. किडलेली दाढ माणूस बसला म्हणून गप्प बसत नाही.

"गुरुजी, दुखतं कधी?"

"सायकलवर. वारा समोरचा असला की लय. आत्ता तुझा जिना चढताना आलं."

"जेवताना? गार पाणी पिताना?"

"न्हाई."

"हात जड होतो?"

"हा डावा. तू माझी परीक्षा घ्यायलास का रे?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. वरचा पंखा तर फुल्ल चालू होता.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आमच्या भुलीच्या औषधात अ‍ॅड्रिनॅलिन असतं. रक्त कमी वाहावं म्हणून घालतात, पण ते हृदयालाही पळवतं. आणि हृदयाला रक्त कमी पडलं की कळ कधी कधी छातीत न येता जबड्यात येते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

"दाढ काढायची नाही, गुरुजी. सरकारी दवाखान्यात जायचं. आत्ता."

त्यांचा चेहरा उतरला. "पहिल्यांदा तुझ्याकडं काही मागितलं, उत्तम. अन् तू न्हाई म्हणायलास."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं.

जिना त्यांना उतरू दिला नाही. दुकानातल्या दोन माणसांना बोलावलं आणि गुरुजींना लाकडी खुर्चीत बसवून खाली आणलं. गुरुजी सारखे म्हणत होते, "अरे, मी काय म्हातारा झालो का?" टांगा केला. सरकारी दवाखान्यातल्या फिजिशियननी आधी मलाच झापलं.

"दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग इथं काय आणलंत?"

"सर, किडलेली दाढ चालल्यानं दुखत नाही. यांचं चाललं की दुखतं, बसलं की थांबतं. एकदा ईसीजी काढा."

ईसीजी निघाला. पट्टीवर हृदयाचा झटका दिसला, तशी सरांनी नर्सला हाक मारली. गुरुजींना झोपवलं, ऑक्सिजन लावला. तीन आठवडे ते त्या खाटेवर होते. वाचले.

पुढं सायकल बंद झाली आणि जिने चढायला मनाई झाली. म्हणजे माझा दवाखानाही त्यांना बंद. परभणीला आले की ते खाली दुकानाच्या पायरीवर बसायचे, निरोप पाठवायचे. मी हातातलं काम आटोपून उतरायचो. चहा घ्यायचो. ती दाढ पुन्हा कधी दुखली नाही.

काही वर्षांनी ते झोपेतच गेले. दाढ त्यांच्याबरोबर गेली.

नवीन डॉक्टरांना मी एवढंच सांगत आलो. जबडा दुखतो म्हणणाऱ्याला तोंड उघडायला सांगण्याआधी विचारा, चाललं की दुखतं का, बसलं की थांबतं का. घाम, धाप, हात जड, यातलं काही असेल तर दाताला हात लावू नका, पेशंटला चालवू नका, थेट हॉस्पिटल. समोर कोणीही बसलेलं असो, विचारा.

नंतर मी तळमजल्यावर जागा घेतली. खुर्ची दारातून दिसेल अशी ठेवली. तोवर गुरुजी राहिले नव्हते. तरी दारात कोणी गालावर हात ठेवून उभं राहिलं की मी आधी चेहरा पाहतो.