गळा

सेलूत मंगळागौर असो की कुणाचं डोहाळजेवण, सुमंगलाबाईंचं गाणं ठरलेलं. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. थायरॉइडची गाठ वाढली म्हणून गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, अनंतरावांनी, गल्लीभर पेढे वाटले.

पण टाके निघाले नि व्रण फुगायला लागला. लाल, टणक, गांडुळासारखा. घाम आला की खाज असह्य व्हायची. वर्गात मुली टक लावून बघायच्या, म्हणून बाई भर उन्हाळ्यात गळ्याभोवती पदर लपेटून बसू लागल्या.

अनंतरावांनी त्यांना परभणीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"कापूनच टाका ना हे," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"नुसतं कापलं तर परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. व्रणातच इंजेक्शनं देऊ, महिन्याला एक. घरी ही सिलिकॉनची पट्टी लावत जा. वेळ लागेल, पण बसेल."

"आणि आवाज? वरचे सूर लागतच नाहीत हो."

"ते घशाच्या डॉक्टरांनाच दाखवा."

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. ऑपरेशनात एक बारीक नस दुखावली होती. "कधी भरून येते, कधी नाही," एवढंच म्हणाले, आणि आवाजाचे व्यायाम दिले.

इंजेक्शनाची सुई त्या कडक मांसात शिरताना बाई अनंतरावांचा हात आवळून धरायच्या. पट्टी घामानं सुटायची; धुवून, वाळवून पुन्हा लावायच्या. पहाटे व्यायाम चुकवत नव्हत्या. हळूहळू व्रण बसला, खाज थांबली, फिकट रेघ तेवढी राहिली. आवाज मात्र पंचमाच्या पुढे फाटायचा तो फाटायचाच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या नर्मदाबाईंनी हनुवटी वर करून पाहिलं. "लय छान झाला की हो गळा!"

बाई हसल्या. घरी आल्यावर अनंतरावांना म्हणाल्या, "गळा छान झाला म्हणे माझा," आणि खुर्चीत बसून रडल्या. अनंतराव पाण्याचा तांब्या घेऊन नुसते उभे राहिले.

त्यानंतर बाईंनी लग्नकार्यातलं गाणं सोडलं. शिकवणं चालू ठेवलं. एकदा वैदेही नावाची शिष्या अंतऱ्यात अडली.

"बाई, एकदा म्हणून दाखवा ना."

सुमंगलाबाईंनी पेटीची वरची पट्टी दाबली. "इथपर्यंत जायचंय. जा."

वैदेहीचा सूर नेमका लागला. बाईंनी डोळे पुसले नाहीत. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.