रिपोर्ट मोठ्यानं वाचा

कळंबच्या लॅबमध्ये मी रिपोर्ट देतो. एकदा रिपोर्ट घ्यायला आलेल्या एका माणसाचं नाव विसरलो. टोपी काढून तिची घडी घालणारे त्याचे हात आठवतात. यकृताचे आकडे वाढलेले पाहून मी पेशंटनी भरलेल्या बाकासमोर म्हणालो, "दारू सोडा, भाऊ." त्याची बायको शेजारीच उभी होती.

"कधी शिवलो न्हाई, साहेब."

मी हसलो. असं सगळेच म्हणतात.

डॉक्टरांनी मात्र विचारलं, आदल्या दिवशी काय काम केलं? त्यानं दिवसभर बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, पोती वाहिली होती. अंगमेहनतीनं धडधाकट माणसाचेही हे आकडे वाढतात, म्हणून आठवडाभर विश्रांती देऊन पुन्हा तपासलं. सगळं ठीक निघालं.

रिपोर्ट हातात न घेता तो म्हणाला, "त्या दिशीवानी मोठ्यानं वाचा की."

मी वाचला. बाकावर कुणीच नव्हतं.