फोन ठेवता ठेवता

लॅबबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ फोनवर बायकोशी बोलत बसले होते. मांडीवर रिपोर्टचं पाकीट होतं. ग्रिलला रंग द्यायला माणूस आला का, टाकीत पाणी चढलं का, सगळं विचारून झालं. मग अगदी सहज म्हणाले, "बाय द वे, रिपोर्ट मिळाला. भीती होती तेच निघालं."

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, बोलता बोलता काही किरकोळ आठवलं की 'बाय द वे' म्हणायचं. किरकोळ! आमच्या घरात तर जे तोंडातून निघत नाही, त्याच्याचपुढे हे शब्द येतात.

आई दादाकडे होती. तो रोज संध्याकाळी मला फोन करायचा. एकदा भाजीचे भाव, शेजाऱ्यांची भांडणं असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाय द वे, आज आईने मला ओळखलं नाही." मी काय म्हणावं? "बरं, तू जेवून घे वेळेवर." आणि फोन ठेवून दिला. त्याने किरकोळ करून सांगितलं, मीही निर्लज्जपणे किरकोळच समजून घेतलं.

पलीकडून त्या गृहस्थांची बायको काहीतरी बोलली असावी. गृहस्थ म्हणाले, "हो, आणतो. अर्धाच लिटर ना?"

फोन बंद झाला. तरी बराच वेळ त्यांनी तो कानालाच धरून ठेवला.

दादानेही त्या संध्याकाळी असाच धरून ठेवला होता का, हे मी त्याला कधीच विचारलं नाही.