ओल्या अंगणातली पावलं

माझ्या पत्नीचे थोरले बंधू, म्हणजे आमच्या घरचे मामा, माणसाच्या चेहऱ्याकडे कधीच बघत नसत. सगळा तालुका ते पायांवरून ओळखत. मुरबाडला त्यांचा दवाखाना होता. रोग मेंदूला आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला कसा पोखरत जातो, याचा अभ्यास करणं हे त्यांचं वेड. खिशात रबरी हातोडी कायमची. माझ्या पुतणीच्या लग्नात माझा धाकटा भाऊ खुर्चीवर बसलेल्या जावयाचे पाय धुवायला वाकला, तीच वेळ साधून मामांनी नवरदेवाच्या गुडघ्यावर हातोडी मारली. व्याह्यांदेखत भावाला लाथ बसली. मामा शांतपणे म्हणाले, "मज्जारज्जू ठणठणीत आहे. मुलगी द्यायला हरकत नाही."

दर शनिवारी ते शहापूरला आमच्याकडे मुक्कामाला येत, ते आमच्या अंगणासाठी. रविवारी उजाडताच पत्नी अंगण सारवी आणि पाय लुळे पडत चाललेले रोगी त्या ओल्या शेणावरून एकेक करून चालत. कमजोर पायाचा अंगठा जमिनीवर रेघ ओढत जातो. ती रेघ मोजून वहीत लिहायचं काम माझं, कारण मापात मी पाव इंचही इकडेतिकडे होऊ देत नाही. पत्नी म्हणे, "दादा, लोकांच्या अंगणात रांगोळी असते." औषध मात्र कुणालाच मिळत नसे, कारण ते नव्हतंच. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना मामांनी पाठवलेल्या कागदांची साधी पोचही येत नसे. रेघा लांबत जात. मग एखाद्या रविवारी तो माणूसच येत नसे.

एका हिवाळ्यातल्या रविवारी मी बाहेर आलो, तो सारवणावर पावलं आधीच उमटलेली. सगळ्यांत आधी यायचा तो सापगावचा गणपत, म्हणून मी माप त्याच्या नावावर लिहिलं : डावा पाय, रेघ पावणेतीन इंच. मामांना वाचून दाखवलं. "मागच्या खेपेला दीड होती," ते हळहळले. "बिचारा आता वर्षभरच चालेल."

तेवढ्यात बैलगाडीतून गणपत उतरला. "उशीर झाला, भाऊ. बैल नाय मिळाला येळेवर."

सारवण होताच मामा त्यावरून अनवाणी विहिरीवर गेले होते. ते उठले, ओट्यावरून उतरले आणि पहिल्या ठशावर आपला डावा पाय ठेवला. बरोबर बसला. मी खोडायला पेन उचललं.

"माप खोडू नका," ते म्हणाले. "नाव तेवढं बदला."

त्यानंतर दीड वर्ष मी दर रविवारी त्यांची रेघ मोजली. साडेतीन, पाच, सव्वासहा. शेवटच्या रविवारी चौघांनी त्यांना खुर्चीसकट अंगणात आणलं. त्यांच्या सांगण्यावरून पत्नीने त्यांचे दोन्ही पाय उचलून ओल्या सारवणावर टेकवले आणि पुन्हा उचलले. दोन स्वच्छ ठसे, शेजारी शेजारी.

"रेघ शून्य," मामा म्हणाले. "लिहा. इतकं चांगलं माप आपल्या वहीत आजवर आलं नव्हतं."

मी लिहिलं. पत्नी पुढे कितीतरी दिवस अंगण सारवताना त्या दोन ठशांची जागा तेवढी सोडत असे.